लिलाव म्हणजे जाहीर करणे
खरेदी-विक्रीचे काही शब्द आणि त्यांमागील शरीअतची शिकवण



आटपाडीला शनिवारी बाजार भरतो. पर्जन्यछायेतल्या या माणदेशी मुलखात शेळी-मेंढी ही अडीनडीला मोडता येणारी ठेव मानली जाते. मुलीचे लग्न, दवाखान्याचा खर्च, चाऱ्याची टंचाई, यांपैकी काहीतरी दाराशी उभे राहिले की दावणीचे जनावर बाजाराची वाट धरते. डाळिंबाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात क्रेट मांडले जातात, सौदे निघतात आणि वर्षभराच्या कष्टाची किंमत काही क्षणांत पुकारली जाते. या बाजारात आपण विकतो, घेतो, दलाली करतो, वजन करतो, हमाली करतो. नमाज आणि रोजा यांविषयी इमामाला प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. बोली, इसार, आडत आणि भिशी यांविषयी विचारणारे फार थोडे. वास्तविक फिक्हच्या ग्रंथांत ‘किताबुल बुयूअ’ म्हणजे खरेदी-विक्रीचा अध्याय हा मोठ्या अध्यायांपैकी एक आहे.

म्हणून या पाठात आपण बाजारातला एक शब्द घेऊ, ‘लिलाव’. त्याचा अर्थ नीट समजला, तर त्यासंबंधीचे बरेचसे हुकूम आपोआप उलगडतात.

शब्दांचे कूळ

‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. हिंदी-उर्दूतला ‘नीलाम’ही त्याच घरातला. पोर्तुगिजांनी तो अरबांकडून घेतला असावा आणि त्याच्या मुळाशी ‘इअलाम’ म्हणजे जाहीर करणे हा शब्द असावा, असे भाषेचे अभ्यासक मानतात. इल्म, आलिम, तालीम आणि आपल्या बोलीतला ‘मालूम’ हे सारे याच धातूचे शब्द आहेत. तेव्हा लिलावाच्या पोटात ‘सर्वांना मालूम करून देणे’ हा अर्थ आधीपासून बसलेला आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात लिलावाला ‘हर्रास’ किंवा ‘हर्राशी’ म्हणतात. तो अरबीतल्या ‘हराज’चा भाऊ. आपला देशी शब्द ‘बोली’ हाही तेच सांगतो. जे तोंडाने, चारचौघांत, मोठ्याने बोलले जाते ती बोली.

बाजारातले इतरही शब्द पाहा. ‘दलाल’ म्हणजे वाट दाखवणारा. ज्या धातूपासून ‘दलील’ म्हणजे पुरावा हा शब्द आला, त्याच धातूचा हा शब्द. ‘नफा’ म्हणजे लाभ, उपयोग. ‘बयाना’मध्ये अरबीतला ‘बैअ’ म्हणजे व्यवहार हा शब्द दडलेला आहे. ‘जामीन’, ‘कर्ज’, ‘वसूल’, ‘हिशेब’ आणि ‘माल’ हे शब्द मराठी शेतकरी रोज वापरतो आणि फिक्हच्या ग्रंथांतही ते पानोपानी भेटतात.

मराठीत खरेदी आणि विक्री असे दोन स्पष्ट शब्द आहेत. अरबीत मात्र ‘बैअ’ आणि ‘शिरा’ हे दोन्ही शब्द प्रसंगानुसार विकणे आणि विकत घेणे अशा दोन्ही अर्थांनी येतात. सूरह यूसुफच्या विसाव्या आयतीत हजरत यूसुफ (अलै.) यांना मोजक्या दिरहमांत विकून टाकल्याचा उल्लेख आहे. तिथे जे क्रियापद आले आहे, ते इतरत्र विकत घेण्यासाठी वापरले जाते. यातून विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यवहार हे एकच कृत्य आहे आणि त्याला दोन हात लागतात. एका हाताला जे कळले ते दुसऱ्यालाही कळले पाहिजे. सूरह निसाच्या एकोणतिसाव्या आयतीत परस्परांची संपत्ती अन्यायाने खाण्यास मनाई करून व्यापाराला जी मुभा दिली, तिला परस्परांच्या राजीखुशीची अट आहे. जी गोष्ट माहीतच नाही, तिला राजी तरी कसे व्हायचे?

प्रेषितांनी (सल्ल.) केलेला लिलाव

लिलावाला फिक्हच्या भाषेत ‘मुजायदा’ म्हणतात, म्हणजे एकापेक्षा एकाने वाढवत जाणे. तो जायज असल्याचा प्रसिद्ध आधार हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेल्या प्रसंगात आहे. तो अबू दाऊद, तिर्मिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आला असून इमाम तिर्मिजी यांनी त्याला ‘हसन’ म्हटले आहे.

एक अन्सारी गृहस्थ प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे मागायला आले. घरात काही आहे का, असे प्रेषितांनी (सल्ल.) विचारले. एक जाड वस्त्र होते, त्याचा काही भाग अंगावर घ्यायचा आणि काही अंथरायचा. पाणी प्यायचा एक वाडगा होता. दोन्ही वस्तू आणायला सांगून प्रेषितांनी (सल्ल.) त्या स्वतःच्या हातात घेतल्या आणि उपस्थितांना विचारले की, हे कोण घेतो? एकाने एक दिरहम देऊ केला. याहून अधिक कोण देतो, असे त्यांनी दोन-तीनदा पुकारले. दुसऱ्याने दोन दिरहम दिले आणि वस्तू त्याला मिळाल्या. ते दोन्ही दिरहम त्या गृहस्थाच्या हाती देऊन प्रेषितांनी (सल्ल.) एकाचे धान्य घरी टाकायला आणि दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला सांगितले. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी आपल्या हाताने बसवला आणि त्याला लाकडे तोडून विकायला पाठवले. पंधरा दिवसांनी तो परतला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

वाचकहो, या प्रसंगातून लिलाव जायज ठरतो, इतकेच सांगून पाठ संपवू नये. लिलाव कसा झाला तेही पाहावे. माल हातात धरून सर्वांना दाखवला होता. पुकारा उघड होता. बोली लावणारे दोघेही खरोखर घेणारे होते. आणि वाढलेला प्रत्येक दिरहम मालाच्या मालकाच्या हातात गेला, मधल्या कोणाच्या खिशात गेला नाही. अडलेल्या माणसाला उभे करण्यासाठी तो लिलाव होता. आपल्या बाजारातला प्रत्येक लिलाव या मापाने मोजावा.

येथे एक शंका निघते. भावाचा सौदा चालू असताना त्यात आपण शिरू नये, असे हदीसमध्ये आले आहे. मग लिलावात दुसऱ्याच्या बोलीवर बोली कशी चालते? फुकहांचे उत्तर असे आहे. दोघांमध्ये घासाघीस होऊन विकणाऱ्याचे मन एकाकडे झुकले असेल, तर तिसऱ्याने मध्ये पडून भाव वाढवणे निषिद्ध. लिलावात मात्र विकणारा अजून कोणाकडेच झुकलेला नसतो. तो स्वतःच अधिक देणाऱ्याला बोलावत असतो. पुकारा संपून सौदा तुटला, की तिथून पुढे मध्ये शिरणे पुन्हा निषिद्ध.

‘नज्श’ म्हणजे हाकारा

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत प्रेषितांनी (सल्ल.) ‘नज्श’ निषिद्ध केल्याचे आले आहे. घ्यायचे मनात नसताना केवळ दुसऱ्याला फसवून भाव चढवण्यासाठी बोली लावणे म्हणजे नज्श. या शब्दाचा मूळ अर्थ शिकारीतला आहे. दडलेले जनावर उठवून शिकाऱ्याकडे पिटाळणे. मराठीत आपण ज्यांना ‘हाकारे’ म्हणतो, त्यांचे हे काम. म्हणजे खोटी बोली लावणारा हाकारा आहे आणि ज्याला तो पिटाळतो तो भोळा गिऱ्हाईक म्हणजे सावज. विकणाऱ्याने स्वतःचाच माणूस गर्दीत उभा करावा आणि त्याने चढी बोली लावावी, हा प्रकार हराम आहे. बहुसंख्य फुकहांच्या मते झालेला सौदा टिकतो, पण गुन्हा संगनमत करणाऱ्या सर्वांच्या माथी राहतो.

भाव मोठा असणे हा मात्र गुन्हा नाही. २०२० च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी झाली आणि मालकाने तो विकला नाही, अशा बातम्या वृत्तपत्रांतून आल्या होत्या. जातिवंत जनावराचे मोल जाणणारा जे देईल ते द्यावे आणि मालकाने विकावे की न विकावे, ही त्याची मुखत्यारी. शरीअत आकडा पाहत नाही. आकड्यामागे खरा घेणारा उभा आहे का, एवढे पाहते.

याची उलटी बाजूही आहे. चार व्यापारी आधीच ठरवून येतात की, आपण एकमेकांवर बोली लावायची नाही. माल पडेल भावात घेऊ आणि नंतर वाटून घेऊ. इथे कोणी खोटे बोलत नाही, सगळे गप्प राहतात. पण लिलावाचा अर्थच जाहीर बोली असा असेल, तर ठरवून पाळलेले हे मौनही लबाडीच. इमाम इब्ने तैमिया यांनी बाजाराच्या देखरेखीवरील आपल्या ‘अल-हिस्बा’ या ग्रंथात घेणाऱ्यांच्या अशा संगनमताला अन्याय म्हटले आहे. विकणारा दुष्काळाने, कर्जाने किंवा आजारपणाने अडलेला असेल, तर या अन्यायाचे ओझे किती वाढते, ते सांगायला नको.

मालाचे तोंड

प्रेषित (सल्ल.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे धान्यवाला म्हणाला. तो भिजलेला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. सहीह मुस्लिममधला हा प्रसंग वाचताना डाळिंबाचे क्रेट डोळ्यांसमोर आणा. वर लालबुंद मोठे फळ आणि तळाला तडकलेले किंवा तेल्याचे डाग असलेले फळ. तो क्रेट म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीचा तोच ढीग. दिव्य कुरआनात डाळिंबाचे नाव, ‘रुम्मान’, तीनदा आले आहे. अल्लाहच्या निशाण्यांत ज्या फळाची गणना झाली, ते फसवणुकीचे साधन व्हावे का?

जनावरांच्या बाबतीत तर हदीस आणखी नेमकी आहे. विकण्यापूर्वी दोन-तीन दिवस धार काढायची नाही, म्हणजे कास भरलेली दिसते आणि घेणारा फसतो. अशा जनावराला ‘मुसर्रात’ म्हणतात. प्रेषितांनी (सल्ल.) हे निषिद्ध केले आणि फसलेल्या गिऱ्हाइकाला जनावर परत करण्याचा हक्क दिला. परतीच्या तपशिलात इमामांमध्ये मतभेद आहेत, फसवणूक हराम असण्याविषयी मतभेद नाही. लंगडणे लपवणे, वय कमी सांगणे, बाजाराच्या दिवशी मीठ चारून पोटभर पाणी पाजून वजन वाढवणे, हे सारे याच कलमात येते.

रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायची जुनी रीत गुरांच्या बाजारांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. दोघांनाही आकडा नेमका कळला आणि दोघेही राजी असतील, तर केवळ रुमालामुळे सौदा बिघडत नाही. परंतु रुमालाखाली दोन दलालांची बोटे असतील आणि जनावराचा मालक बाजूला उभा राहून त्यांच्या तोंडाकडे पाहत असेल, तर त्याच्यापासून त्याच्याच मालाचा भाव लपवला गेला. १९६३ च्या कृषी उत्पन्न खरेदी-विक्री कायद्याखाली चालणाऱ्या बाजार आवारांत उघड लिलावाचा नियम आहे, तो याच फसवणुकीला आळा घालण्यासाठी. जिथे देशाचा कायदा आणि शरीअत एकाच न्यायाकडे बोट दाखवतात, तिथे तो नियम पाळणे मुसलमानाला अधिकच अगत्याचे आहे.

बाजाराआधीचा सौदा

बाजारात माल पोहोचण्याआधी वाटेवर पुढे जाऊन काफिल्याला गाठायचे आणि भाव माहीत नसलेल्या माणसाकडून स्वस्तात घ्यायचे, याला ‘तलक्की’ म्हणतात. प्रेषितांनी (सल्ल.) ते निषिद्ध केले. माल आणणाऱ्याला बाजारात पोहोचल्यावर तो सौदा मोडण्याचा अधिकार असल्याचेही हदीसमध्ये आले आहे. आज मोबाईलवर भाव कळतो, त्यामुळे बांधावर येऊन घेणारा प्रत्येक व्यापारी दोषी ठरत नाही. चालू भाव दोघांनाही ठाऊक असेल, तर हरकत नाही. दोष आहे तो अज्ञानाचा फायदा घेण्यात.

दुसरी गोष्ट उक्त्या बागेची. झाडावर अजून फळ धरलेले नाही, नुसता बहार आहे आणि सबंध बागेचा सौदा होतो. पुढे तेल्या पडला, गारपीट झाली, तर व्यापारी बुडतो. पीक उत्तम आले, तर शेतकरी हळहळतो. फळाची उपयुक्तता दिसण्याआधी ते विकण्यास प्रेषितांनी (सल्ल.) मनाई केली. अल्लाहने फळ रोखले तर तुम्ही आपल्या भावाचे पैसे कशाच्या बदल्यात घेणार, हा त्यामागचा प्रश्न आहे. फळ धरण्यापूर्वीचा सौदा नाजायज आहे. फळ धरल्यावर पण पिकण्यापूर्वी केलेल्या सौद्याविषयी हनफी आणि शाफई मजहबांत तपशिलाचा फरक आहे. आपल्याकडे देशावर हनफी अधिक, कोकणात शाफई. म्हणून प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारूनच करार करावा.

दलाल, आडत आणि इसार

दलाली हा हलाल व्यवसाय आहे. दलाल खरोखर वाट दाखवणारा असावा, एवढीच अट. हजरत उर्वा बारिकी (रजि.) यांना प्रेषितांनी (सल्ल.) एक दीनार देऊन एक बकरी आणायला पाठवले. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक एका दीनारला विकली आणि बकरीही आणली, दीनारही परत आणला. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांच्या व्यापारात बरकतीची दुआ केली. दुसऱ्याच्या पैशाने झालेला नफा उर्वांनी स्वतःजवळ ठेवला नाही, हे आडत्याने आणि दलालाने विसरू नये. आडत किती आणि ती कोणाकडून, हे आधी ठरलेले असावे. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा बदल झाला. त्यानंतरही हिशेबाच्या पट्टीत वेगळ्या नावाने तीच रक्कम शेतकऱ्याच्या अंगावर टाकणे म्हणजे नाव बदलून हराम खाणे.

‘इसार’ किंवा ‘बयाना’ देऊन सौदा पक्का करणे जायज आहे. ती रक्कम किमतीतच धरली जाते. पण सौदा मोडला म्हणून इसार गिळून टाकणे हनफी, मालिकी आणि शाफई या तिन्ही मजहबांत अमान्य आहे. हंबली मजहबात त्याला मुभा आहे. मोडलेल्या सौद्याने खरोखर नुकसान झाले असेल, तर दोघांनी जाणकारांसमोर बसून ते ठरवावे.

ज्यांचा लिलाव होत नाही

आता सावध होण्याची जागा. शब्द तोच राहतो आणि माल बदलतो. आपल्या भागात लिलावाची भिशी सर्रास चालते. दहा जणांनी दहा-दहा हजार घातले की एक लाख जमतात. ज्याला फार नड आहे तो म्हणतो, मला ऐंशी हजारच द्या. उरलेले वीस हजार सर्वांत वाटले जातात आणि तो मात्र पुढे पूर्ण एक लाख भरतो. इथे लिलाव कशाचा झाला? वस्त्राचा नाही, वाडग्याचाही नाही. पैशाच्या बदल्यात पैसा आणि तोही कमी-अधिक, हे व्याज आहे. सूरह बकरच्या २७५ व्या आयतीत अल्लाहने व्यापार हलाल आणि व्याज हराम केले आहे. त्या अन्सारी गृहस्थाच्या लिलावात बोली चढली आणि अडलेल्याला अधिक मिळाले. या लिलावात बोली उतरते आणि अडलेला अधिकच नागवला जातो. चिठ्ठी टाकून किंवा आपसांत क्रम ठरवून प्रत्येकाला पूर्ण रक्कम देणारी साधी भिशी बहुतेक आलिम जायज मानतात. आपल्या घरातल्या भगिनींच्या भिशीला हे वळण आजच देता येईल.

पदाचाही लिलाव होत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या कारणावरून राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. पैसे देवळाच्या किंवा मशिदीच्या बांधकामाला जाणार असले तरी फरक पडत नाही. पद ही अमानत आहे आणि अमानत विकणारा जी वस्तू विकतो, ती त्याची नसतेच.

घरासाठी पाच गोष्टी

बकरी ईदपूर्वी घरातील माणसे जनावर आणायला निघतील, तेव्हा हा पाठ मुलांना समजावून सांगावा आणि पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

१. बोली तीच लावावी, जी पडली तर पैसे मोजण्याची आपली तयारी आहे.

२. विकताना मालाचा दोष आधी सांगावा, गुण नंतर. बोकडाचे एक वर्ष पूर्ण झालेले नसेल, तर कुर्बानीसाठी घेणाऱ्याला तसे स्पष्ट सांगावे. त्याची इबादत आपल्या शब्दावर उभी आहे.

३. कुर्बानीच्या जनावराची किंमत मिरवू नये. अल्लाहला मांस आणि रक्त पोहोचत नाही, तकवा पोहोचतो. आकडा तर त्याहून पोहोचत नाही.

४. अडलेल्याकडून घेताना चालू भाव स्वतःहून सांगावा. तो दोन पैसे अधिक घेऊन गेला, तर आपले नुकसान झाले असे समजू नये.

५. सौदा उधारीचा असेल, तर लिहून ठेवावा. सूरह बकरची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे आणि ती उधारीच्या व्यवहाराची नोंद ठेवण्याविषयी आहे.

हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या रिवायतीत असे आले आहे की, घेणारा आणि विकणारा खरे बोलले आणि त्यांनी दोष उघड केले, तर त्यांच्या सौद्यात बरकत येते. त्यांनी लपवले आणि खोटे बोलले, तर बरकत पुसली जाते. म्हणून बाजारात ‘लिलाव’ हा शब्द कानी पडेल, तेव्हा त्याचा अर्थ आठवावा. जे जाहीर केले ते टिकते. जे लपवले ते त्या दिवशी जाहीर होणारच आहे, ज्या दिवशी पुकारा दुसऱ्या कोणाचा असेल आणि हिशेब आपला.

अल्लाह तआला आपल्या सर्वांना हलाल कमाईची तौफीक देवो, आपल्या मापात न्याय आणि आपल्या व्यवहारात बरकत देवो. आमीन.